‘वय वीस, पण बुद्धी पाच वर्षांची’ हे खरं नाही

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबद्दल हे वाक्य पालकांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं, की तेही तेच बोलू लागतात. मग वीस वर्षांच्या मुलासमोर बाहुल्या आणि बडबडगीतं येतात आणि मोठेपणाची तयारी राहूनच जाते.

‘मानसिक वय’ ही कल्पना आली ती आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों या फ्रेंच संशोधकांच्या बुद्धिमापन चाचणीतून. 1905 साली ती बनवली ती शाळेत जादा मदत कुणाला लागेल हे ओळखायला. म्हणजे तो चाचणीतला एक आकडा. माणसाचं खरं वय नव्हे. 2013 च्या ‘डीएसएम-५’मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मार्गदर्शक ग्रंथात तर, अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यांकावर नाही, रोजचे व्यवहार कितपत जमतात यावर ठरते.

आणि साधी गोष्ट बघा ना: पाच वर्षांच्या मुलाला दाढी येत नाही. विशीतल्या मुलाला येते. ती करायला शिकवायची तर कामाचे तुकडे पाडायचे: ट्रिमर सुरू करणं, गालावरून फिरवणं, आरशात बघून राहिलेले केस शोधणं, बंद करून पुसून ठेवणं. बऱ्याचदा शेवटचा तुकडा आधी शिकवतात. बाकीचं आपण करायचं, बंद करून पुसायचं त्याने. म्हणजे काम पुरं केल्याचं समाधान पहिल्याच दिवशी त्याचं. मग एकेक पायरी मागे सरकायचं. वेळ लागतो, कधी महिने.

पाळी, पैसे, एकट्याने बसचा प्रवास, नको असलेल्या स्पर्शाला ‘नाही’ म्हणणं, हेही असंच शिकवता येतं. त्यासाठी अठरा पूर्ण व्हायची वाट बघू नका.