खिशात फिरणारी चकती

"सर, फोनमध्ये सरळ एक टीबीची हार्ड डिस्क काहून नाही टाकत हे लोकं?"

अकरावीतला माझा एक विद्यार्थी मे महिन्याच्या भर दुपारी नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या घरी आला, तो हाच प्रश्न घेऊन. एक टीबी म्हणजे हजार जीबी. कूलरसमोर बसायच्या आधी त्याने फोन पुढे केला. स्टोरेज भरल्याची सूचना आली होती आणि बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ काही त्याला पुसायचे नव्हते. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क घेतली तर तेवढ्याच पैशांत कितीतरी पट जागा मिळते, हे त्याने बर्डीच्या बाजारात चौकशी करून पक्कं केलं होतं. त्यामुळे त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

असे फोन खरोखर निघाले होते, असं सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. मग मी टेबलाचा खण उघडून एक जुनं कार्ड त्याच्या तळहातावर ठेवलं. काडेपेटीपेक्षा जरा आखूड, जेमतेम ५ मिलिमीटर जाड. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातलं ते कार्ड. बाहेरून साध्या मेमरी कार्डासारखं दिसतं, पण आत एक इंची हार्ड डिस्क आहे. २००६ साली ते माझ्या हातून शहाबादी फरशीवर पडलं. त्यावर आईच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. त्यानंतर कॅमेऱ्यात घातलं की आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायचा आणि काहीच उघडायचं नाही. फोटो गेले ते गेलेच. कार्ड मात्र मला टाकवलं नाही.

त्या दुपारी आम्ही ते उघडलं. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा उचकटल्यावर आत दहा रुपयांच्या नाण्याएवढी चकती दिसली, आरशासारखी लख्ख. मुलाने वाकून पाहिलं तर त्याचाच डोळा तिच्यात दिसत होता. चकतीच्या कडेला सुईएवढी भुजा, तिच्या टोकाला माहिती वाचणारं-लिहिणारं, मोहरीच्या दाण्याहून लहान हेड. चकती काचेची असते आणि तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. आमच्या चकतीवर एका ठिकाणी केसासारखा गोल ओरखडा होता. आईची दिवाळी त्याच ओरखड्याने नेली.

हे यंत्र एवढं लहान झालं, हीच मुळात मोठी करामत होती. १९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि माहिती मावायची फक्त ५ एमबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एखादा छोटा व्हिडिओ तेवढा असतो. त्याच कंपनीने १९९९ साली मायक्रोड्राइव्ह नावाची एक इंची डिस्क काढली, १७० आणि ३४० एमबीची. मधल्या काळातल्या सुधारणांपैकी एक तर थेट नोबेलपर्यंत गेली. आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ साली असे पातळ धातूथर शोधले की चुंबकीय क्षेत्र जरासं बदललं तरी त्यांचा विद्युतरोध बराच बदलतो. मग हेडला फार बारीक चुंबकीय खुणाही वाचता येऊ लागल्या आणि नखाएवढ्या जागेत जास्त माहिती बसू लागली. २००७ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

२००४ च्या सप्टेंबरमध्ये सॅमसंगने कोरियात दीड जीबीच्या हार्ड डिस्कचा फोन आणला. नोकियाचा एन-९१ आला २००६ साली, ४ जीबी घेऊन. तोशिबाने तर ०.८५ इंची डिस्क केली, म्हणजे चकती साधारण आपल्या रुपयाच्या नाण्याएवढी. गिनेस बुकात तिची जगातली सर्वांत लहान हार्ड डिस्क म्हणून नोंद झाली.

तेव्हा याचा फायदा उघड होता. ४ जीबीची फ्लॅश मेमरी, म्हणजे काहीही न फिरणारी, नुसत्या चिपमधली साठवण, भयंकर महाग होती आणि तेवढ्याच जागेची चिमुकली डिस्क त्या मानाने स्वस्त. अमेरिकेत काही हौशी छायाचित्रकार गाणी ऐकण्याचं यंत्र विकत घेऊन फोडत आणि आतली डिस्क कॅमेऱ्यात घालत, कारण सुटी डिस्क आख्ख्या यंत्रापेक्षा महाग पडायची. आणखी एक गुण म्हणजे चुंबकीय थरावर कितीही वेळा लिहा आणि पुसा, तो थर झिजत नाही. फ्लॅशचं तसं नाही, तिथे प्रत्येक खोडाखोडीला पेशी थोडी थोडी झिजते.

"मग बंद काहून केलं?"

मी त्याला आधी हेडकडे बघायला सांगितलं. डिस्क चालू असताना हेड चकतीला टेकलेलं नसतं. चकती मिनिटाला ३६०० फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी १८ किलोमीटर वेगाने, सायकलच्या वेगाने धावत असते. तिच्यासोबत हवाही ओढली जाते आणि त्या हवेच्या गादीवर हेड तरंगतं. दोघांमधलं अंतर असतं वीस-तीस नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, त्यावरून कल्पना यावी. हवेवर तरंगायचं म्हणजे हवा पुरेशी दाटही हवी. म्हणून अशा बहुतेक डिस्कना सुमारे ३००० मीटर उंचीची मर्यादा घातलेली असते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, इथे चिंता नाही. पण लेहला, साडेतीन हजार मीटरवर, तोच फोन मर्यादेच्या बाहेर जातो.

आता हा फोन हातातून निसटला असं समजा. एक मीटरवरून पडलेली वस्तू फरशीवर आदळून एका मिलिमीटरच्या अंतरात थांबली, तर तिला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट असतो. गणित साधं आहे: पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. एक इंची डिस्क बंद असेल आणि हेड बाजूला उभं असेल, तर ती दीड-दोन हजार पट हिसकाही सोसायची. पण चालू असताना तिची सहनशक्ती काहीशे पटींवरच संपायची. म्हणजे गाणं वाजत असताना फोन पडला की घात. यावर इंजिनिअरांनी फार सुंदर उपाय काढला होता. वस्तू पडू लागली की तिला वजनरहित अवस्था येते. ती ओळखणारा संवेदक बसवायचा आणि फरशी यायच्या आत हेड बाजूला घ्यायचं. एक मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात, तेवढ्यात हे जमतं. पण टेबलाच्या काठावर फोन आपटला, गर्दीच्या बसमध्ये खिशासकट दांड्यावर धडकला, तर आधी पडणं नसतंच, थेट धक्का असतो. फोन हा माणसाच्या अंगावर दिवसभर वावरतो. कॉम्प्युटर तसा वावरत नाही. माझ्या मते हार्ड डिस्कच्या फोनमधलं खरं अवघडपण इथे होतं.

बॅटरीचाही प्रश्न होता. त्या काळच्या फोनच्या बॅटऱ्या हजार एमएएचच्या आतबाहेर असायच्या. वाचता-लिहिताना ही डिस्क पाऊण-एक वॅट घ्यायची. सतत चालली असती तर एकट्या डिस्कनेच चार-पाच तासांत बॅटरी संपवली असती. गाण्यांपुरती एक युक्ती होती. डिस्क थोडा वेळ फिरवून पुढची चार-पाच गाणी तात्पुरत्या मेमरीत उचलायची, डिस्क थांबवायची आणि निवांत वाजवत बसायचं. अ‍ॅपलचा गाणी ऐकण्याचा आयपॉड असंच करायचा. पण आजचा फोन क्षणाक्षणाला इकडून थोडं, तिकडून थोडं वाचत असतो. नकाशा, मेसेज, फोटो, पैसे पाठवायचं अ‍ॅप, सगळं एकाच वेळी. डिस्कला प्रत्येक वेळी भुजा हलवून योग्य जागा फिरत खाली यायची वाट पाहावी लागते आणि त्यात २० मिलिसेकंद सहज जातात. फ्लॅशमध्ये काही हलायचंच नसल्याने तेच काम एका मिलिसेकंदाच्याही आत होतं.

तरीही एवढ्यावर ती डिस्क हरली नसती. तिला हरवलं किमतीच्या गणिताने. हार्ड डिस्क एक जीबीची करा की दहा जीबीची, मोटर लागते, भुजा लागते, हेड लागतं, धूळ न शिरणारं घर लागतं. त्यामुळे तिची किंमत एका पातळीखाली उतरतच नाही. फ्लॅशला असा तळ नाही. कमी जागा हवी तर लहान चिप, आणि चिप दर वर्षी झपाट्याने स्वस्त होत गेली. गिऱ्हाइकाला हव्या तेवढ्या जागेची चिप डिस्कच्या तळकिमतीखाली आली आणि तिथेच निकाल लागला. जानेवारी २००४ मध्ये जाहीर झालेल्या आयपॉड मिनीत ४ जीबीची एक इंची डिस्क होती. सप्टेंबर २००५ मध्ये तिच्या जागी आलेल्या नॅनोत फ्लॅश होती, तीही ४ जीबीपर्यंत. अवघे २० महिने. आणि यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट ही की गिनेस बुकातली ती डिस्क आणि तिला संपवणारी नँड प्रकारची फ्लॅश, दोन्ही तोशिबाच्याच. तिथले इंजिनिअर फुजिओ मासुओका यांनी नँड फ्लॅशची रचना १९८७ सालीच मांडली होती.

मुलगा मात्र एक टीबीवर अडून होता. "आता तर टेक्नॉलॉजी सुधारली ना सर? आता बनवली तर?"

मग आम्ही वहीवर हिशेब मांडला. आजच्या मोठ्या डिस्कमध्ये एका साडेतीन इंची चकतीच्या दोन्ही बाजूंवर ३ टीबीच्या आसपास बसतं. एक इंची चकतीवर लिहिण्याजोगी जागा त्याच्या सुमारे सतराव्या हिश्श्याची. म्हणजे आजच्या तंत्रानेही ती दीडशे-दोनशे जीबीवर थांबेल, तर नखाएवढं एक टीबीचं मायक्रो एसडी कार्ड २०१९ पासून दुकानात आहे. असं का, ते नागपूरकराला समजावणं सोपं आहे. चकती म्हणजे लेआउट आणि फ्लॅश म्हणजे फ्लॅट स्कीम. लेआउटमध्ये प्लॉट कितीही लहान पाडले तरी जमीन आहे तेवढीच राहते. फ्लॅश मात्र मजल्यावर मजले चढवते, आता तर दोनशेहून अधिक थर.

जिथे जमिनीची कमी नाही, तिथे लेआउटच स्वस्त पडतं. डेटा सेंटरमधला फोटो-व्हिडिओंचा मोठा साठा आजही फिरत्या चकत्यांवरच असतो, कारण दर जीबीमागे तीच स्वस्त आहे.

फ्लॅशचा एक दोष मात्र मी त्याला मुद्दाम सांगितला, कारण तो घरोघरी नडू शकतो. फ्लॅशमधली माहिती म्हणजे इन्सुलेटरच्या भिंतींमध्ये कोंडलेले इलेक्ट्रॉन. भिंत फार पातळ असते आणि पेशी जितकी वापरलेली तितकी ती गळकी. उष्णतेत गळती वाढते. नव्या चिपमध्ये माहिती वर्षानुवर्षं राहते, पण खूप वापरलेला फोन बंद करून वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवला आणि त्यावरून नागपूरचे चार-पाच उन्हाळे गेले, तर त्यातले फोटो सापडतीलच असं नाही. चुंबकीय चकतीवरच्या खुणा या बाबतीत जास्त भरवशाच्या आहेत, फक्त तिला पडू द्यायचं नाही. कुठल्याच एका वस्तूवर एकच प्रत ठेवू नये, हे मी आईच्या दिवाळीनंतर शिकलो.

मग माझी दोन टीबीची बाहेरची डिस्क आम्ही चार पदरी टॉवेलवर ठेवली, फोन कॉम्प्युटरला जोडला आणि लग्नाचे व्हिडिओ उतरवायला घेतले. ४० जीबीला वेळ लागणार होता. मुलाने हळूच एक बोट डिस्कवर टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"सर, आत फिरून राहिली ना ती?"

"हो. झाल्याशिवाय हलवू नको."

त्याने बोट अलगद उचललं आणि टेबलापासून खुर्ची वीतभर मागे घेतली.