नाशिकहून संगीतात एम.ए. करायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रवेश परीक्षा

विशारद (संगीत मंडळाची पदवीच्या तोडीची मानली जाणारी परीक्षा) झालं की पुढे संगीतशास्त्र घेऊन एम.ए. करावं, असं नाशिकमधल्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या मनात असतं. घोळ सुरू होतो तो पात्रतेपासून. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं विशारद कितीही मेहनतीने मिळवलेलं असलं, तरी पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाचा. त्यामुळे एम.ए.ला आधी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी, विशारद तिच्या जोडीला. पदवी बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ची असेल तर चालेल का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. क्लासमधल्या ऐकीव माहितीवर राहू नका. फक्त बारावी झाली असेल तर वाट बी.ए. संगीतापासूनच.

आपला जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तिथलं ललित कला केंद्र (गुरुकुल) हा पहिला पर्याय. मुंबई विद्यापीठाचाही संगीत विभाग आहे आणि मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. प्रक्रिया थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच: ऑनलाइन अर्ज, शुल्क, प्रवेश परीक्षा, प्रात्यक्षिक आणि मुलाखत, गुणवत्ता यादी, मग मूळ कागदपत्रांची पडताळणी.

कागदपत्रांत दहावी-बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, संगीत परीक्षांची प्रमाणपत्रं आणि एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक; तो डिजीलॉकरमधून निघतो, आधारला मोबाइल जोडलेला असू द्या). आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, ती आधी तपासा. सेतू केंद्रात जूनमध्ये किती गर्दी असते ते वेगळं सांगायला नको. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं.

नाशिककरांना हमखास अडवणारा कागद म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट, एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याचा दाखला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकचंच असलं तरी ते स्वतंत्र विद्यापीठ आहे. तिथून पदवी घेऊन पुणे विद्यापीठात जाणाऱ्याला मायग्रेशन लागतं. पुणे विद्यापीठाशी संलग्न नाशिकच्या कॉलेजातून पदवी घेतलेला मुंबईला निघाला, तर त्यालाही लागतं. निकाल लागला की लगेच अर्ज टाका. विशारदच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत हाताशी ठेवा.

आता खरी परीक्षा. गाण्यात बरेच जण निभावतात, अडतात ते शास्त्रात. भूपाली आणि देशकार हे दोन राग घ्या. सा रे ग प ध हे पाच स्वर दोन्हींत तेच. पण भूपाली कल्याण थाटातला (थाट म्हणजे रागांचं स्वरांवरून केलेलं वर्गीकरण), वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार, वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकार बिलावल थाटातला, वादी धैवत आणि वेळ सकाळची. एवढं क्लासच्या वहीत असतं. पुढचा प्रश्न असतो, हा फरक चलनात, म्हणजे रागाच्या चालीत, दाखवा. कुठे न्यास करता (थांबता), धैवतावर किती रेंगाळता, हे गाऊन सांगता आलं पाहिजे आणि लिहूनही. माझ्या मते विद्यापीठाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

स्वरलिपीचंही तसंच. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार (वरच्या) सप्तकाचा. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र (खालचं) सप्तक दाखवतो. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम ज्या पंचवटीत होता, तिथल्या विद्यार्थ्याने त्यांची लिपी वाचता येत नाही म्हणणं बरं दिसत नाही. एखादी मध्यलय बंदिश दोन्ही लिपींत लिहून पाहा. ग्रंथांची नावं पाठ करताना स्थळ-काळही लक्षात ठेवा: शार्ङ्गदेवाचा ‘संगीत रत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला.

पुढे प्राध्यापकी करायची असेल तर संगीत विषयात नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यावी लागेल. खुल्या वर्गाला त्यासाठी एम.ए.त ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०.

प्रात्यक्षिकाला तबला आणि पेटीची साथ विभाग देतो की आपली न्यायची, हे आधी फोन करून विचारा. तानपुऱ्याचं ॲप चालेल का, तेही त्याच फोनवर.