सामाईक जनुकांवरील लैंगिक संघर्ष

एका जातीच्या नर-मादीत बहुतेक जनुके सामाईक असतात. जनुकाचे एखादे रूप नराची वंशवृद्धी वाढवते आणि मादीची घटवते, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा त्या ओढाताणीला उत्क्रांतिशास्त्रात सामाईक जनुकांवरील लैंगिक संघर्ष असे नाव आहे. यात नर-मादी एकमेकांशी झगडत नाहीत. बापाला फळलेले जनुक लेकीत उतरते आणि तिथे नडते. नैसर्गिक निवडीचा कौल एका लिंगात एकीकडे, तर दुसऱ्यात दुसरीकडे पडतो. म्हणूनच नुकसान करणारी रूपेही जातीतून सहजी नाहीशी होत नाहीत.

याचा उत्तम पुरावा एका क्षुल्लक वाटणाऱ्या किड्याने दिला. गोव्यात आमटी-तोणाकासाठी साठवलेले अळसांदे पोखरणारा चवळीचा भुंगा जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी नराच्या आयुर्मानावर कृत्रिम निवड करून दोन प्रकारचे वंश तयार केले. दीर्घायुषी वंशातले नर अल्पायुषी वंशातल्या नरांपेक्षा सरासरी २७ टक्के जास्त जगले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आयुष्य वाढलेल्या वंशात नरांचे प्रजननयश घटले आणि माद्यांचे वाढले. नराला घाईचे, थोडके आयुष्य मानवते. मादीला सावकाश, लांबचे. सामाईक जनुकांमुळे दोघांनाही आपापले पुरते साधत नाही. स्कॉटलंडच्या रम बेटावरील लाल हरणांतही यशस्वी नरांच्या मुली प्रजननात मागे पडलेल्या आढळल्या.

या संघर्षातून सुटण्याची एक वाट म्हणजे जनुक दोघांत ठेवून त्याचे काम एकाच लिंगात चालू करणे. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर खारफुटीच्या चिखलात ओहोटीला फिडलर खेकडे बाहेर येतात. नराची एक नांगी अवाढव्य असते. ती हलवून तो मादीला बोलावतो, इतर नरांशी लढतो, पण तिने त्याला खाता येत नाही. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, दोन्ही खाण्याच्या कामी येतात.

दुसरी वाट आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातील सिक्लिड माशांत दिसते. नारिंगी ठिपक्यांचा रंग मादीला लपायला उपयोगी, पण नराची ओळखीची रंगसंगती बिघडवणारा. त्याचे जनुक मादीपण ठरवणाऱ्या जनुकाच्या लगत आहे, त्यामुळे ते बहुधा माद्यांकडेच जाते.

नर-मादी वेगळे दिसतात एवढ्यावरून संघर्ष मिटला असे मात्र ठरवता येत नाही. त्यासाठी एकाच कुळातल्या भावा-बहिणींचे प्रजननयश वेगवेगळे मोजून ताडावे लागते.