बाटलीवरचं लेबल आणि फाइलमधला एसडीएस: एकाचं काम दुसऱ्याने भागत नाही

घातक रसायनांचे नवे नियम आले की छोट्या दवाखान्यात पहिली धावपळ होते ती एसडीएस, म्हणजे सुरक्षितता माहितीपत्रकं, छापून फाइलला लावायची. तेवढ्याने तयारी संपत नाही. खरी गफलत सिंकखाली असते: मार्करने नुसतं 'हायपो' (म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, जंतुनाशक ब्लीच) लिहिलेली बाटली.

लेबल बाटली हातात असताना वाचायचं. जीएचएस, म्हणजे रसायनांचे धोके लेबलवर दाखवायच्या जागतिक पद्धतीनुसार, त्यावर रसायनाचं नाव, संकेतशब्द ('धोका' किंवा 'सावधान'), चित्रखुणा, धोक्याची आणि खबरदारीची वाक्यं आणि पुरवठादाराचा तपशील असतो. कवटी सगळ्यांना कळते. छातीवर चांदणी असलेल्या माणसाच्या चित्राकडे मात्र दुर्लक्ष होतं. उपकरणं निर्जंतुक करायच्या ग्लुटारल्डिहाइडवर ते असतं, कारण त्याच्या वाफेने दम्यासारखी अॅलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की थोड्याशा वाफेनेही त्रास उसळतो.

एसडीएस काम सुरू होण्याआधी वाचायचा. त्याचे 16 विभाग ठरलेल्या क्रमाने येतात. दवाखान्याला सर्वाधिक लागतात ते असे: 4 प्रथमोपचार, 6 सांडलं तर काय, 7 हाताळणी व साठवण, 8 संरक्षक साधनं, 10 कशाशी अभिक्रिया होते, 13 विल्हेवाट. कुठले हातमोजे घालायचे ते विभाग 8 सांगतो. ग्लुटारल्डिहाइडसाठी तपासणीचे पातळ लेटेक्स मोजे पुरत नाहीत, नायट्राइल लागतात. विभाग 10 वाचला की हायपो आणि आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर एका कप्प्यात का नकोत ते कळतं: दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो.

लेबल आणि एसडीएस दोन्ही एकत्र का लागतात, हे फॉर्मेलिनवरून (ऊतींचे नमुने टिकवायचं फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) पाहा. लेबलवर '10% फॉर्मेलिन' असेल, तर त्यात फॉर्मल्डिहाइड साधारण 4% असतं, 10% नव्हे. नेमका घटक आणि प्रमाण एसडीएसच्या विभाग 3 मध्ये मिळतं.

सगळ्यात जास्त चुका पातळ केलेल्या द्रावणात होतात. 5% हायपोपासून 0.5% करायला 100 मिली हायपोत 900 मिली पाणी. एसडीएस मूळ 5% चा असतो, म्हणून नव्या बाटलीवर नाव, 0.5%, तयार केल्याची तारीख-वेळ, धोक्याची खूण आणि 'आम्लात मिसळू नये' हे लिहायलाच हवं. नाहीतर कुणीतरी तेच पुन्हा दहापट पातळ करतं, उरतं 0.05%, आणि रक्त सांडलेल्या जागेचं निर्जंतुकीकरण धड होत नाही. उलट चुकून 5% वापरलं तर त्वचा भाजते, उपकरणं गंजतात.

एसडीएस नेटवरून कुठल्याही कंपनीचा उतरवू नका. त्याच उत्पादकाचा, त्याच प्रमाणाचा मागा, नाव लेबलशी अक्षरशः जुळवा, पुरवठादार बदलला की पत्रकही बदला. फाइल कुलूपबंद कपाटात किंवा पासवर्डच्या संगणकात नको. डोळ्यात थेंब उडाला तर आधी वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटं धुणं. तोवर दुसऱ्याने विभाग 4 उघडून वाचायचा.