छतावर नळ्या वाहणारी ट्राम

रेल्वेचं वाफेचं इंजिन ट्राम ओढायला शहराच्या रस्त्यावर आणताना ताकदीपेक्षा मोठी अडचण होती घोड्यांची. धूर, वाफेचा फवारा आणि हलते दांडे दिसले की बग्ग्यांचे घोडे बुजत. म्हणून ब्रिटनमध्ये १८७९च्या कायद्यानंतर नियम आले: धूर किंवा वाफ दिसता कामा नये, रुळापासून चार इंचांच्या वरची सगळी यंत्रणा झाकलेली हवी आणि वेग ताशी १० मैलांवर गेला तर गव्हर्नरने (वेगावर लगाम ठेवणाऱ्या यंत्रणेने) आपोआप वाफ तोडून ब्रेक लावायला हवा.

बर्मिंगहॅममध्ये डिसेंबर १८८२मध्ये ॲस्टनच्या मार्गावर अशा ट्राम सुरू झाल्या. रुळांमधलं अंतर ३ फूट ६ इंच. चौकोनी पेटीसारखं इंजिन आणि मागे दुमजली डबा.

धुराचा प्रश्न कोक (दगडी कोळशापासून केलेलं, फारसा धूर न करणारं इंधन) जाळून बराचसा सुटला, गंधकाचा वास मात्र राहिला. खरी डोकेदुखी वाफेची. लीड्सच्या किटसन कंपनीच्या इंजिनांवर छतभर तांब्याच्या पातळ कमानदार नळ्या असत. सिलिंडरमधून, म्हणजे वाफ जिथे दट्ट्या ढकलते त्या नळकांड्यातून, सुटलेली वाफ त्यांत हवेने थंड होई आणि पाणी टाकीत परते. पण १ किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हवा ५० अंशांनी तापू दिली, तरी ती उष्णता वाहून न्यायला जवळपास ४५ किलो हवा लागते. चढावर वाफ जास्त आणि वेग कमी, म्हणजे वाराही कमी. नेमकी तिथेच वाफ बाहेर दिसू लागे.

शिवाय या उपायाने नवी दुखणी आणली. रेल्वे इंजिनात सुटलेली वाफ धुरांड्यातून फेकली जाते आणि तिच्या ओढीने भट्टीला हवा मिळते. ती वाफ छताकडे वळवली की आग मंदावते, आणि कोकला तर हवा जास्तच लागते. परतणाऱ्या पाण्यासोबत सिलिंडरचं तेल येई. ते बॉयलरमध्ये गेलं की पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरात शिरण्याचा धोका. टाकीतलं पाणी फार तापलं की इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन) ते उचलत नाही, म्हणून पंप हवाच. झाकणांच्या आत धूळही साचे. घोड्यांच्या ट्रामसाठी टाकलेले हलके रूळ तर या वजनाखाली टिकणारच नव्हते.

३१ डिसेंबर १९०६ला बर्मिंगहॅमची वाफेची ट्राम बंद झाली. मुंबईत १९०७मध्ये घोड्यांच्या जागी थेट विजेची ट्राम आली. वीजही वाफेवरच बनत होती, पण बॉयलर आता वीजघरात होता. तिथे कंडेन्सर (वाफेचं पुन्हा पाणी करणारं उपकरण) हवा तेवढा मोठा करता येई आणि थंड करायला पाणी वापरता येई.