ग्राफिक इक्वलायझर आणि नागपुरातला लाइव्ह साउंड

ग्राफिक इक्वलायझर, साउंडवाल्यांच्या तोंडी नुसतं "ग्राफिक", म्हणजे आवाजाचे खालपासून वरपर्यंत तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा कमी-जास्त करता येतो असं यंत्र. समोर उभ्या फेडरची, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या बटणांची, रांग असते आणि ते वरखाली केले की त्या रांगेचा आकारच आलेखासारखा दिसतो, म्हणून नाव ग्राफिक. लाइव्ह कार्यक्रमात जे चालतं ते बहुतेक 31 बँडचं, म्हणजे 31 तुकड्यांचं, 20 हर्ट्झपासून (सेकंदाला 20 कंपनं) 20 किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे साधारण दहा सप्तकं आणि प्रत्येक सप्तकाचे तीन भाग. बजेट कमी असेल तर 15 बँडचं, त्यात प्रत्येक तुकडा दुप्पट रुंद होतो. प्रत्येक फेडर मधल्या खाचेत असला की काही बदल नाही, वर नेला की तो भाग वाढतो, खाली आणला की कमी होतो, आणि किती ते 6 किंवा 12 डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) असं एका बटणाने ठरवता येतं.

यंत्राची जागा मिक्सर आणि अॅम्प्लिफायर यांच्या मधे. एक जोडी लोकांकडे तोंड केलेल्या मेन स्पीकरसाठी आणि वेगळी एकेक प्रत्येक मॉनिटरसाठी, म्हणजे गायकाच्या पायाशी ठेवलेल्या तिरप्या स्पीकरसाठी. नवीन माणसाचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. गायकाचा आवाज पातळ वाटला म्हणून तो ग्राफिकला हात घालतो, पण मेनच्या ग्राफिकमधून तबला, पेटी, कीबोर्ड, निवेदकाचा माईक असं सगळंच जातं, त्यामुळं एकासाठी केलेला बदल सगळ्यांना लागतो. गायकाचं काही करायचं असेल तर ते मिक्सरवर त्याच्या चॅनलच्या ईक्यूवर, म्हणजे इक्वलायझरवर, करावं. ग्राफिक आहे ते हॉलसाठी आणि स्पीकरसाठी, कलाकारासाठी नाही. हे एवढं पक्कं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

शिट्टी आणि ती मारायची पद्धत

माईकचा आवाज स्पीकरमधून आला, तो परत माईकमधे गेला, परत मोठा होऊन बाहेर आला, आणि या फेऱ्यात एखाद्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे हर्ट्झच्या एखाद्या आकड्याला, आवाज घटण्याऐवजी वाढतच गेला की कुईं अशी शिट्टी बसते. यालाच फीडबॅक म्हणतात, आणि डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन याच्या नावावरून लार्सन इफेक्टही म्हणतात. शिट्टी कुठे बसणार हे माईक, स्पीकर, दोघांमधलं अंतर, मागची भिंत, स्टेजचा प्लाय या सगळ्यावर ठरतं, म्हणून कालच्या कार्यक्रमाची सेटिंग आज जशीच्या तशी चालत नाही. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी बसायच्या आधी आवाज वाढवायला उरलेली जागा साधारण 3 डेसिबलने कमी होते, हा हिशोब भजनी मंडळाच्या आठ माईकांसमोर फार उपयोगी पडतो, जो गात नाही त्याचा माईक खाली घ्या, ग्राफिकला हात न लावताच फरक पडेल.

साउंड चेकला काय करतात तर आधी सगळे फेडर मधोमध, मग माईक जिथे असणार तिथेच ठेवून मॉनिटरचा आवाज हळूहळू वाढवायचा. पहिली कुई आली की ती कितीची आहे ते ओळखून तो फेडर 3 डेसिबलने खाली, मग परत वाढवायचं, दुसरी येईल, तिचंही तसंच. तीन-चार झाल्या की थांबायचं. त्यापुढे एकामागून एक फेडर पाडत गेलं तर आवाजाचा सगळा जीवच जातो, आणि गंमत अशी की सगळे फेडर सारखे खाली आणणं म्हणजे शेवटी व्हॉल्यूम कमी करणंच, मग तेवढी मेहनत कशाला. कधी कधी शिट्टी दोन फेडरच्या मधे पडते, समजा 1.1 किलोहर्ट्झला, तेव्हा 1 आणि 1.25 दोन्ही थोडे पाडावे लागतात आणि खड्डा रुंद होतो. अशा वेळी पॅरामेट्रिक ईक्यू बरा, तो नेमकी जागा पकडतो आणि रुंदीही आपल्या हातात असते.

कुई ऐकून आकडा सांगता येणं ही खरी विद्या आहे आणि ती फक्त कानानेच येते. सुरुवातीला मोबाइलवरचं फ्रिक्वेन्सी दाखवणारं अॅप चालतं, पण स्क्रीन बघेपर्यंत पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानावर हात ठेवलेले असतात. त्यापेक्षा पेटीचा आधार घ्यावा. सुरांचे आकडे ठरलेले आहेत, मधला सा काळी एकचा धरला तर साधारण 277 हर्ट्झ, वरचा सा 554, त्याच्याही वरचा 1108. पेटी येणाऱ्या माणसाला शिट्टी सुरात ऐकू येते आणि फेडर लगेच सापडतो.

कुठल्या फेडरवर काय बसलेलं असतं

63 ते 100 हर्ट्झमधे डग्ग्याचा आणि ढोलकीच्या धुमाचा भार असतो. 160 ते 315 हा गढूळ भाग, इथेच हॉल घुमतो, इथेच तखतांवर प्लाय टाकून केलेला पोकळ स्टेज डफडा होऊन वाजतो, आणि मेन ग्राफिकवर पहिला हात बहुतेक वेळा इथेच खाली जातो. 400 ते 630 मधे आवाज डब्यातून आल्यासारखा, 800 ते 1.25 के (के म्हणजे किलोहर्ट्झ) मधे नाकातला, भोंग्यासारखा. 2 ते 4 के हा सगळ्यात नाजूक भाग. आपला कान इथेच सगळ्यात तिखट असतो आणि च, ट, क, त यांची धार इथेच असते, म्हणून हा भाग जास्त पाडला की गाणं गोड लागतं पण शब्द कळत नाहीत. वाढवला की पेटी चिरकते आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. 5 ते 8 के मधे स आणि श ची सी-सी, खंजिरीच्या चकत्यांची झणझण. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं आपल्या विदर्भात गावोगाव होतात, तिथे खंजिरी माईकच्या फार जवळ आली की 6.3 के भाजून निघतो, पण तिथेही आधी माईक एक वीत लांब करावा, फेडर नंतर. 10 के च्या वर झांज आणि मोकळी हवा.

आता ते हसऱ्या चेहऱ्याचं सेटिंग, दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली, लग्नाच्या लॉनवर दहापैकी सात ठिकाणी हेच दिसतं. दोन मिनिटं ऐकायला भारी वाटतं कारण कमी आवाजात आपल्याला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात आणि हे सेटिंग ते भरून काढतं. पण कार्यक्रम मोठ्या आवाजात असतो, तिथे ती भर लागतच नाही, आणि माणसाचा गळा नेमका त्या खड्ड्यात जातो. दीक्षाभूमीच्या परिसरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतं चालतात, तिथे एका स्टेजसमोर मी उभा होतो. ढोलकी छातीत वाजत होती आणि गायिका काय म्हणते आहे ते दहा फुटांवर कळेना. भीमगीतात शब्दच सगळं आहे, लोक शब्दांसाठी लांबून पायी येतात, आणि ते शब्द तीन-चार फेडरच्या खाली दाबलेले. मला त्याचं अजून वाईट वाटतं. नुसतं सपाट सेटिंग ठेवलं असतं तरी चाललं असतं.

वाढवण्यापेक्षा कमी करणं बरं असं जे म्हणतात त्यामागे साधं गणित आहे. 3 डेसिबल वाढवले की त्या भागाला अॅम्प्लिफायरची दुप्पट ताकद लागते, 6 ला चौपट, 10 ला दहापट. बेसचे फेडर वर ढकलले की अॅम्पची लाल लाइट पेटते, आवाज फाटतो आणि स्पीकरची कॉइल जळते. शिवाय वाढवलेला प्रत्येक भाग शिट्टीला आणखी जवळ नेतो.

हॉल, लॉन आणि हवा

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह किंवा सिव्हिल लाइन्सचं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, अशा बंद हॉलमधे साउंड चेक रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो आणि तिथे फसगत होते. माणसं आणि त्यांचे कपडे मधला आणि वरचा आवाज पितात, म्हणून दुपारी चमचमीत वाटलेला हॉल रात्री भरल्यावर मऊ होतो. दुपारीच 4 के आणि 8 के पाडून ठेवले तर रात्री आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. थोडं हातचं राखून करावं.

वर्धा रोड, काटोल रोडकडच्या लॉनला भिंती नाहीत, त्यामुळं घुमणं कमी, पण बेस उघड्यावर पळून जातो आणि ऑपरेटर 50 आणि 63 वर ढकलत राहतो. तिथे जास्तीचा सब (फक्त बेसचा मोठा स्पीकर) लावावा किंवा सब एकत्र जमिनीवर ठेवावेत, फेडरने ती उणीव भरून निघत नाही. टाइल्स, काच आणि वर टिनाचं छत असलेलं मंगल कार्यालय सगळ्यात कठीण. तिथला घोळ प्रतिध्वनीचा असतो, आणि प्रतिध्वनी म्हणजे उशिरा आलेला आवाज, ग्राफिकला वेळेतलं काही कळत नाही, ते फक्त कमी-जास्त करतं. स्पीकर लोकांकडे झुकवा, भिंतीकडे नको, पडदे लावा, आवाज कमी ठेवा.

आणि आपलं ऊन. आवाजाचा वेग दर डिग्रीला सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो, 20 डिग्रीला 343 असतो तो 42 ला 356 च्या आसपास जातो. दुपारच्या 42 मधे शोधलेल्या शिट्ट्या रात्री 30 वर आल्यावर थोड्या खाली सरकतात, दोन टक्केच, पण तेवढ्यात एखादी जागा बदलते. कोरडी हवा वरचा आवाजही खाते, लांबच्या रांगेपर्यंत 8 के च्या वरचं बरंच विरतं, पावसाळ्यातल्या दमट हवेत ते कमी होतं. म्हणून मे महिन्यातल्या मैदानावर मागच्या लोकांसाठी वेगळे स्पीकर आणि त्यांना वेगळं ग्राफिक असलं तर फार फरक पडतो, मागच्यांसाठी पुढचा मेन तिखट करून पुढच्यांचे कान फोडू नयेत.

रात्री 10 नंतर उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद, 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार, वर्षातले काही सणाचे दिवस सोडले तर. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. ती मोजतात त्या पद्धतीत खालचा आवाज कमी धरला जातो, म्हणून मीटर ठीक दाखवतो आणि शेजारच्या घराच्या खिडक्या थरथरतात. संदल-धुमालच्या, म्हणजे मिरवणुकीत ताशे-वाद्यं आणि स्पीकर लादून फिरणाऱ्या, गाड्यांनी 40 आणि 50 चे फेडर खाली आणले तर रस्त्यावरच्या लोकांना काही कमी वाटणार नाही आणि घरात झोपलेल्या आजारी माणसाला फार बरं वाटेल.

यंत्राची पिढी

जुन्या रॅकमधे क्लार्क टेकनिकचं डीएन 360 दिसलं की जाणकार थांबून बघतात, दोन चॅनल, प्रत्येकी 30 बँड. डीबीएक्स आणि बेहरिंगर या कंपन्यांचे रॅकही भरपूर फिरतात. जुन्या बऱ्याच डिझाइनमधे फेडर थोडाच हलवला की शेजारचे भागही सोबत ओढले जायचे, पुढे 1980 च्या दशकात रेन या अमेरिकन कंपनीने कॉन्स्टंट-क्यू प्रकार आणला, ज्यात थोडं हलवा की जास्त, रुंदी तेवढीच राहते. आता डिजिटल मिक्सरमधे ग्राफिक आतच असतं, बेहरिंगर एक्स 32 सारख्या मिक्सरवर एक बटण दाबलं की चॅनलचे फेडर ग्राफिकचे फेडर होतात, आणि टॅबलेट जोडला की कन्सोलपाशी बसून राहायची गरज नाही. टॅबलेट घेऊन शेवटच्या रांगेत जाता येतं, बाल्कनीच्या खाली जिथे बेस साचतो तिथे उभं राहून 200 चा फेडर दोन डेसिबल खाली घेता येतो, आणि बायपास (ग्राफिक तात्पुरतं बाजूला काढणारं बटण) दाबून आधीचं-नंतरचं तिथल्या तिथे ऐकता येतं.