रक्तात काय उतरते?

सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांशी मानसिक आरोग्यावर बोलून झाल्यावर एक मुलगी वहीचा कोपरा दुमडत मागे थांबली. तिच्या काकांनी आत्महत्या केली होती. स्थळ आले की मात्र ‘ते आजारपणात गेले’ असे घरातून सांगितले जाते. तिने विचारले, “सर, हे आमच्या रक्तातच आहे का?”

काही अंशी आहे, आणि हे तिच्यापासून लपवणे मला योग्य वाटले नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या व्यक्तींचा अभ्यास झाला तेव्हा, आत्महत्येने मरण पावलेल्यांच्या जन्मदात्या कुळात आत्महत्यांचे प्रमाण अधिक आढळले, वाढवणाऱ्या कुटुंबात तसे आढळले नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० ते ५० टक्के मानला जातो. पण हा आकडा मोठ्या लोकसमूहातील माणसामाणसांतल्या फरकांविषयी आहे. एखाद्या पुतणीच्या वाट्याला निम्मा धोका आला, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

‘आत्महत्येचे जनुक’ असे काही नसते. २००३ मध्ये न्यूझीलंडमधील एका गाजलेल्या अभ्यासाने सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार आणि आयुष्यातील आघात एकत्र आले की नैराश्य व आत्महत्येचे विचार वाढतात, असे मांडले होते; पुढे लाखो लोकांची माहिती तपासल्यावर तो निष्कर्ष टिकला नाही. आज दिसते ते असे, की हजारो जनुकीय फरक प्रत्येकी अगदी किंचित भर घालतात. त्यांतील बराचसा भाग नैराश्यासारख्या आजारांशी सामाईक आहे, थोडा स्वतंत्रही आहे.

ताणाचे काम अधिक उघडपणे दिसते. संकट आले की मेंदूच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांवरील ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सोडतात आणि ते पुरेसे झाले की मेंदूच ती साखळी थांबवतो. २००९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी आत्महत्येने मरण पावलेल्या व्यक्तींचा मेंदू तपासला. ज्यांच्यावर बालपणी अत्याचार झाले होते, त्यांच्यात कॉर्टिसॉल ओळखणारे प्रथिन बनवणाऱ्या जनुकावर रासायनिक खुणा अधिक होत्या आणि ते जनुक कमी काम करत होते. म्हणजे ताण आवरणारा लगामच सैल पडला होता. नमुने मोजकेच होते, तरी जनुकाची अक्षरे तीच राहून अनुभवाने त्याचे काम बदलू शकते, हे त्यातून दिसले.

म्हणूनच काकांविषयीचे मौन मला घातक वाटते. घराण्यात मधुमेह असल्याचे आपण डॉक्टरांना न विचारता सांगतो. मग झोप उडालेली असताना, निकाल लागून महिना उलटला तरी मन सावरत नसताना, काकांची हकिगत तेवढ्याच सहजपणे सांगितली, तर मानसोपचारतज्ज्ञ लवकर सावध होतात, आणि नैराश्यावर उपचार आहेत. मी तिला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही दिला. तो चोवीस तास सुरू असतो, मराठीतूनही बोलता येते. तिने तो त्याच दुमडलेल्या पानावर लिहून घेतला आणि विचारले, “आईला सांगू का, की मी काकांबद्दल बोलले?”